कर्नलमधला बदनाम गोटू

‘गोटू (goto) वापरलात तर मार्क कापीन’ हे कॉलेजात ऐकलेल्यांनी लिनक्स कर्नलमधला एखादा जुना ड्रायव्हर उघडून बघावा. जिकडेतिकडे गोटू! आणि तोही चुका निस्तरायला.

समजा, ड्रायव्हरने आधी मेमरी घेतली, मग क्लॉक चालू केलं, मग इंटरप्ट मागितला आणि नेमका तोच मिळाला नाही. साधा प्रोग्रॅम अशा वेळी सरळ हात वर करतो, त्याचा पसारा कर्नल आवरतो. पण कर्नलचा पसारा आवरणार कोण? म्हणून फंक्शनच्या तळाशी लेबलं असतात. गोटूने तिथे उडी मारायची आणि घेतलं त्याच्या उलट क्रमाने परत करायचं: आधी क्लॉक बंद, मग मेमरी मोकळी.

चूक कळवायची रीत तर भन्नाट आहे. मेमरी संपली तर उत्तर उणे १२. पण फंक्शन पॉइंटर परत देणारं असेल तर? पत्त्यांच्या अगदी टोकाच्या ४०९५ जागा चुकांसाठी राखीव. तिथला पत्ता हाती आला की तो पत्ता नव्हेच, एरर कोड समजायचा. नुसतं ‘नल आहे का’ एवढंच तपासणारा इथे हमखास फसतो. (मीही फसलोय.)

आणि कर्नलमधला बग-ऑन हा मॅक्रो? अट खरी ठरली की चालू प्रोसेस तिथेच ठार, कधी अख्खं मशीन आडवं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यावर अनेकदा भडकलेत. त्यापेक्षा वॉर्न-ऑन बरा, लॉगमध्ये बोंब ठोकतो आणि काम चालू ठेवतो. अर्थात कुणी पॅनिक-ऑन-वॉर्न ही सेटिंग चालू करून ठेवलं असेल, तर मशीन पडणारच!