पहिला डबा कुणी द्यायचा?

पहिले हजार दिवस : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण सीझर झालेल्या आईच्या दुसऱ्या रात्रीपर्यंत आलो होतो. आजचा प्रश्न त्याच रात्रीतला आहे. बाळ रडतंय, आईला कुशीवर वळता येत नाही, सोबतीला आलेली शेजारीण म्हणते, ‘हिला दूधच आलेलं नाही.’ कुणीतरी चिठ्ठी लिहून देतं आणि नवरा खाली औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा घेऊन येतो. तळेगाव दाभाडे, सोमाटणे, चाकण, या सगळ्या पट्ट्यात हे नेहमीचंच. इथल्या कितीतरी बाळंतिणींची आई लातूरला, जळगावला, नाहीतर थेट बिहारमध्ये असते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत एमआयडीसीच्या पाळ्यांत अनेकींना परवडेनाशी झाली आहे. रात्री बाळाला छातीशी नीट धरायला शिकवणारं कुणी जवळ नसतं, डबा मात्र चोवीस तास मिळतो.

त्या नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे. बिलात हातमोज्यांपासून कापसापर्यंत सगळं लावलेलं असतं, मग बाळाच्या पोटात जाणारा एवढा एक डबा दवाखान्यानं फुकट का देऊ नये? सरकारी दवाखान्यात तर औषधंही फुकट असतात.

माझं उत्तर असं : द्यावा, पण मोजक्या बाळांना, डॉक्टरांनी कारण लिहून, आणि दवाखान्यानं स्वतःच्या पैशानं विकत आणून. सरसकट देऊ नये. आणि कंपनीकडून आलेला फुकटचा डबा तर दवाखान्याच्या पायरीवरूनच परत जावा. हे उत्तर काहींना कठोर वाटेल, म्हणून त्यामागची कारणं जरा सविस्तर पाहू.

पहिल्या दिवशी बाळ एका वेळी पितं किती? साधारण २ ते १० मिलिलिटर. चहाचा लहान चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर अर्धा ते दोन चमचे. आईच्या अंगावर या दिवसांत येतो तो चीक : पिवळसर, घट्ट, थेंबाथेंबानं येणारा, रोगप्रतिकारक घटकांनी भरलेला. गायीच्या चिकाचा खरवस करून आपण चार घरी वाटतो आणि बाईचा चीक अनेक घरांत अजून ‘वाईट दूध’ म्हणून पिळून टाकतात, हा आपला जुना अजबपणा. भरपूर दूध उतरतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. पहिलटकरणीला, सीझर झालेलीला, मधुमेह असलेलीला कधी आणखी थोडं उशिरा. तोवर बाळाचं वजन थोडं घटतं आणि पुढच्या दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. म्हणजे दुसऱ्या रात्री ‘दूधच आलेलं नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. दूध यायला अजून अवकाश आहे, इतकंच.

आता बाटलीत ३० मिलिलिटर दूध करून पाजलं की काय होतं बघा. बाळाचं पोट गच्च भरतं, ते तीन-चार तास झोपतं, सगळ्यांना हायसं वाटतं. पण स्तनांत दूध तयार होतं ते बाळाच्या ओढण्यावर. बाळ जितक्या वेळा ओढेल तितक्या वेळा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सुटतं आणि पुढच्या पाजण्याची तयारी होते. रात्रीच्या पाजण्यात हे जास्तच. बाळ झोपून राहिलं की ही मागणीच थांबते, आणि स्तनात दूध साचून राहिलं तर शरीर उत्पादन कमी करतं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी दूध, म्हणून दुसरी बाटली. त्यात बाटलीच्या बोंडाची सवय लागलेलं बाळ अंगावर घेताना कुरकुरतं. असं करत आठवडाभरात खरोखरच दूध पुरेनासं होतं, आणि आई जन्मभर सांगते, ‘मला दूध आलंच नाही.’ तिचा यात काहीही दोष नसतो.

घरी गेल्यावर हिशेब सुरू होतो. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागतं. ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट माप, या प्रमाणात २५ मापं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पावडर. ४०० ग्रॅमचा डबा तीन-साडेतीन दिवसांत संपतो. महिन्याला नऊ-दहा डबे. डब्यावरची किंमत बघून गुणाकार वाचकांनीच करावा आणि कंत्राटी कामगाराच्या पगाराशेजारी मांडावा. मग पुढचं टाळता येत नाही : माप अर्धं होतं, पाणी वाढतं, बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि वजन मात्र तिथंच अडतं. दवाखान्यातला पहिला डबा फुकट मिळाला असता तर या हिशेबातला एक डबा वाचला असता. नवाची मात्र सवय लागली असती.

दूध-पावडर विकणाऱ्यांना हे गणित फार आधी कळलं होतं. म्हणूनच प्रसूतिगृहांत नमुन्याचे डबे वाटण्याची चाल जगभर पडली. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात या धंद्यावर जे भाषण केलं त्याचं नावच ‘मिल्क अँड मर्डर’ होतं. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं या विक्रीला आवर घालणारी आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतानं मान्य केली. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं. तरीही दवाखान्यांना ‘देणगी’ म्हणून माल देण्याची फट उरलीच होती. १९८६ च्या ठरावानं सांगितलं की ज्या थोड्या बाळांना पावडर लागते त्यांच्यासाठी दवाखान्यानं ती नेहमीच्या खरेदीतूनच घ्यावी, आणि १९९४ च्या ठरावानं आरोग्यव्यवस्थेत कुठंही फुकट वा सवलतीचा पुरवठा नको असं स्पष्ट केलं.

भारतानं याचा कायदाच केला. १९९२ चा हा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. त्यामागच्या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा. स्तनपानासाठी देशभर काम करणारी ‘बीपीएनआय’ ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झाली. मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘अ‍ॅकॅश’ या ग्राहक संघटनेनं १९९४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयात थेट नेस्ले कंपनीविरुद्ध तक्रार गुदरली. कायद्यानं सरकारनं नेमलेल्या स्वयंसेवी संस्थांना असा तक्रारीचा अधिकार दिला आहे, ही आपल्याकडची दुर्मिळ गोष्ट.

या कायद्यामुळंच आपल्याकडच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो नसतो. जुन्या पिढीतली माणसं गुबगुबीत मुलाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणत. आता तसं चित्र छापणं गुन्हा आहे. जाहिरात नाही, नमुने नाहीत, गरोदर बाईशी कंपनीच्या माणसानं संपर्क साधायचा नाही, डॉक्टरांना भेटी नाहीत, त्यांच्या परिषदांना पैसे नाहीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, कैदेचा तेवढा धाक.

पण आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर या कायद्याच्या आठव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात आहे, आणि ते फारसं कुणी वाचलेलं नसतं. माता-बालकांची आरोग्यसेवा करणारी संस्था दूध-पावडर देऊ शकते, पण कुणाला? जिला अंगावर पाजणं शक्य नाही आणि जिला पावडर विकत घेणं परवडत नाही, अशा आईला. दोन्ही अटी एकत्र. म्हणजे ‘कायदा पावडरच्या विरोधात आहे, आमचे हात बांधलेत’ हे जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. गरिबीतल्या खऱ्या गरजेला कायद्यानं दार उघडं ठेवलं आहे. बंद केलं आहे ते कंपनीच्या दानशूरपणाला.

खरी गरज कोणती? आई अतिदक्षता विभागात आहे किंवा ती राहिलीच नाही. तिला कर्करोगासारख्या आजारावर अशी औषधं चालू आहेत की दूध देता येत नाही. बाळाची रक्तातली साखर घसरते आहे. बाळाला गॅलॅक्टोसेमिया आहे. त्याला तर आईचं दूधही चालत नाही, खास पावडरच लागते. आणि आणखी एक, ज्याबद्दल स्तनपानाचा प्रचार करणारे आम्ही लोक जरा कमी बोलतो : सगळं करूनही काही जणींना खरोखर दूध पुरत नाही. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, पाचव्या दिवशीही बाळ दिवसातून सहा वेळा शू करत नाही, कावीळ वाढते आहे, बाळ सुस्त पडलं आहे, तर ‘येईल दूध, थांबा’ म्हणत बसणं धोक्याचं आहे. उन्हाळ्यात अशी बाळं शरीरातलं पाणी आटून गंभीर होतात. तिथं वरचं दूध औषधासारखं द्यायचं, आणि आईला अपराध्यासारखं वागवायचं नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरानं रुग्णालयांना पावडर कुलपात ठेवून प्रत्येक वापराची नोंद करायला सुचवलं, तेव्हा आयांचा संताप झाला तो याच भीतीनं. मागणाऱ्या आईला पावडर नाकारायची असं त्या योजनेत कुठंच नव्हतं. पण कुलूप म्हटलं की माणसाला आधी नकारच दिसतो.

औषधासारखं द्यायचं म्हणजे क्रमही औषधासारखा हवा. आधी आईचंच दूध हातानं पिळून, वाटी-चमच्यानं. ते नसेल तर दुसऱ्या आईनं दान केलेलं, पाश्चरीकरण केलेलं दूध. तेही नसेल तर पावडर. या मधल्या पायरीसाठी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवायचं, तपासायचं, गोठवायचं, आणि काचेच्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पुरवायचं. पुण्यात ससूनमध्येही अशी पेढी आहे. तळेगावच्या कुठल्याही प्रसूतिगृहापासून ससून काही फार लांब नाही, पण गोठवलेलं दूध तिथून इथवर आणण्याची साखळी कुणी बांधायची, हा प्रश्न मला डब्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पावडर देण्याची वेळ आलीच तर एक गोष्ट लक्षात ठेवावी : ती निर्जंतुक नसते. डबा कितीही हवाबंद असो, तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. म्हणून ती किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवून, निववून, लगेच पाजायची. उरलेली फेकायची. बाटली नकोच.

मग दवाखान्यानं फुकट द्यायचं ते काय? पहिल्या तीन रात्री आईच्या खाटेशी बसणारी, दूध पाजण्याचं प्रशिक्षण घेतलेली सिस्टर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर प्यालेली मुलं फक्त ४१.८ टक्के. दवाखान्यात आलेल्या बाईला दवाखाना हा एक तास मिळवून देऊ शकत नाही, यात गरिबीपेक्षा व्यवस्थेचा दोष जास्त. सीझर झाल्यावर टेबलावरच बाळ छातीवर ठेवता येतं, त्यासाठी पैसा लागत नाही, एक माणूस लागतो. १ जून २०११ ला सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आईला नेहमीच्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सीझरनंतर सात दिवस मोफत जेवण आहे. आईला फुकट जेवू घालणं हाही बाळाला फुकट दूध देण्याचाच मार्ग आहे आणि बराच स्वस्त आहे.

आणि घरी गेल्यावर? प्रसूती लाभाच्या तरतुदींत २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर बंधनकारक आहे, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामातून रोज दोन छोट्या सुट्ट्या आहेत. पण त्यासाठी प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. कंत्राटदार बदलत राहणाऱ्या मुलीचं नाव कुणाच्या हजेरीपटावर किती दिवस होतं, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आले ही चांगलीच गोष्ट. पण रायगडाचा कडा उतरून बाळापाशी गेलेल्या हिरकणीसाठीही गडाचे दरवाजे कुणी उघडले नव्हतेच, हे त्या पाटीखालून जाताना कधीकधी मनात येतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चाकणच्या पाळीवर परतणाऱ्या आईला दवाखान्यानं दिलेला एक डबा तीन दिवस पुरेल. तिला हवं आहे ते हजेरीपटावरचं सलग नाव आणि दूध पिळून ठेवायला एक स्वच्छ खोली.

तोवर दवाखान्यात कुणी डबा सुचवला तर आईनं किंवा तिच्या माणसानं तीन प्रश्न विचारायला हरकत नाही : कारण काय, किती मिलिलिटर, आणि किती दिवस? उत्तर केसपेपरवर लिहून घ्यावं. चिठ्ठीवर एकाच कंपनीचं नाव ठळक दिसलं, तर ते कुणी आणि का लिहिलं, हेही विचारावं.

(पुढील लेखांकात : कामावर जाणाऱ्या आईनं दूध कसं पिळावं, कशात आणि किती वेळ साठवावं)