चार आकडी पिन पुरतो कसा?

शाहू कारखान्याचं असो की हमीदवाड्याचं, कागल तालुक्यात ऊसबिल खात्यावर जमा होतं. मेसेज आला की खताची उधारी, पोरांची फी मोबाइलवरूनच भागवली जाते. वर्षभराची कमाई ज्या ॲपमागे आहे, त्याला कुलूप मात्र चार-सहा आकड्यांचं.

चार आकड्यांचे पिन होतात जेमतेम १०,०००. संगणकाला ते क्षणाचं काम. पण पिन एकटा राखण करत नाही. ॲप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिमवरून बँकेकडे आपोआप एक मेसेज जातो. खात्याला जोडलेला नंबर याच फोनमध्ये आहे, हे बँकेला त्यावरून समजतं आणि ॲप त्या हँडसेटशी बांधलं जातं. मग नुसता पिन कळून दुसऱ्या फोनवर खातं उघडत नाही. शिवाय तो काही वेळा चुकला की बँक ॲप अडवते. दहा हजार वेळा प्रयत्न करायला कुणाला सवडच मिळत नाही. लांबलचक पासवर्ड पाठ करण्यातून आपण सुटलो ते यामुळे. म्हणूनच सिम अचानक बंद पडलं तर रेंज नसेल म्हणून गप्प बसू नये. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं.

बोटाचा ठसा बँकेकडे जात नाही. तो फोनच जुळवतो आणि ॲपला फक्त जुळल्याचं सांगतो. रानात राबून झिजलेल्या बोटांना फोन कधीकधी ओळखत नाही, मग मुलगा स्वतःचं बोट नोंदवून देतो. त्या बोटानेही बँकेचं ॲप उघडू शकतं, हे घरात कुणाच्या ध्यानातच नसतं. सेटिंगमध्ये किती बोटं नोंदली आहेत, ते आजच बघा.

सोय कुठे द्यायची हे रकमेवरून ठरावं, असं मला ठामपणे वाटतं. यूपीआय लाइटमध्ये एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात, पण वॉलेटमध्ये ५,००० पेक्षा जास्त ठेवताच येत नाहीत. चहा-भाजीला ते पुरे. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास मोठी रक्कम पाठवता येत नाही. बिल जमा झालेल्या दिवशी याचा राग येतो. पण सिम चोराच्या हाती गेलं असेल, तर खातं बंद करायला तेवढाच वेळ मिळतो.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि लगेच बँकेला कळवून तक्रारीचा नंबर घ्या. चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. तो सहकारी बँकांनाही लागू आहे.