मांजराच्या डोळ्यात हॅश

फोटोतलं मांजर कीबोर्डवरच्या चिन्हांनी काढता येतं, माहीत आहे? इंटरनेटवर त्यासाठी फुकट साधनं मिळतात. फोटो टाकायचा, बटण दाबायचं, की पडद्यावर हजारो @, #, + आणि टिंबं हजर! जवळून बघाल तर नुसता गोंधळ. आता जरा मागे सरका, डोळे किलकिले करा. कान दिसले? आणि त्या मिशा? या चित्रांना आस्की आर्ट म्हणतात.

खरी गंमत पुढेच आहे. हे चित्र काढणाऱ्या साध्या साधनाला मांजर म्हणजे काय, हे ठाऊकच नसतं. ते फक्त कुठे किती उजेड आणि कुठे किती काळोख, एवढंच मोजतं.

समजा, फोटो 800 ठिपके रुंद आणि 640 ठिपके उंच आहे. म्हणजे झाले 5 लाख 12 हजार ठिपके. संगणक आधी त्यांचे रंग काढून घेतो आणि प्रत्येकाला 0 ते 255 मधला एक आकडा देतो. 0 म्हणजे काळाकुट्ट, 255 म्हणजे पांढराशुभ्र. हा आकडा ठरवताना बऱ्याचदा हिरव्या रंगाला सुमारे 59 टक्के वजन देतात, लाल रंगाला 30 आणि निळ्याला जेमतेम 11! कारण आपल्या डोळ्यांना हिरवा सगळ्यात उजळ वाटतो आणि निळा गडद.

मग फोटोवर चौकटींची जाळी पडते. एकेक चौकट 8 ठिपके रुंद, 16 ठिपके उंच. अशी उभट का? कीबोर्डवरचं चिन्ह जेवढी जागा घेतं, ती जागा रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच असते. चौकट चौरस घेतली, तर आपलं मांजर जिराफासारखं लांबेल.

एका चौकटीत 128 ठिपके आले. त्यांची सरासरी काढायची आणि या रांगेतलं एक चिन्ह उचलायचं :

@ # * + = - .

आठवी आहे कोरी जागा. दर 32 आकड्यांना एक चिन्ह. डोळ्याच्या बाहुलीची सरासरी 40 आली? तिथे #, म्हणजे हॅश. पाठीवर ऊन पडलंय, 200 आले? टिंब. मागची भिंत 240? मग काहीच नको. अशा 4000 चौकटी भरल्या, की मांजर तयार. कागदावर @ ला शाई भरपूर लागते आणि टिंबाला अगदी थेंबभर, म्हणून हा क्रम. काळ्या पडद्यावर पांढरी चिन्हं असतील, तर तो उलटा करायचा.

ओळखण्याचं काम मात्र आपला मेंदू करतो, आणि तो यात फार तरबेज आहे! संशोधक लिऑन हार्मन यांनी 1973 मध्ये अब्राहम लिंकन यांचा चेहरा मोजक्याच करड्या चौकोनांत दाखवला होता. तरीही लांबून लोक तो चटकन ओळखत. याच हार्मन यांनी 1966 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन नोल्टन यांच्याबरोबर संगणकाकडून फोटोची छोट्या चिन्हांत चित्रं करून घेतली होती.

पण हात तर त्याच्याही आधी चालत होते. इंग्लंडमध्ये फ्लोरा स्टेसी यांनी 1898 मध्ये टाइपरायटरवर कंस आणि रेघा वापरून फुलपाखरू काढलं. पुढे आपल्या मुंबईत चंद्रकांत भिडे बँकेत टायपिस्ट होते. त्यांनी टाइपरायटरवर गणपती काढले, माणसांचे चेहरेही काढले. तिथे सरासरी काढून देणारं कोणी नाही! कागद किती सरकवायचा, एकाच जागी कितीदा टाइप करायचं, सगळं डोळ्यांनी ठरवायचं. मला तर संगणकापेक्षा हेच जास्त थोर वाटतं.

आणि मराठी अक्षरांनी? जमेल, पण दोन अडचणी आहेत. आपली अक्षरं सारख्या रुंदीची नसतात, त्यामुळे ओळी एकाखाली एक नीट बसत नाहीत. शिवाय शिरोरेषा एकमेकींना जोडल्या जातात आणि चित्रभर आडव्या रेघा उमटतात. त्यावर उपाय म्हणजे आलेखाचा कागद. सारखे चौकोन आखा आणि एकेकात एकच अक्षर, कडांना न टेकवता, लिहा. क्रम लावायला ‘र’, ‘ठ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ अशी अक्षरं एकाच जाडीच्या पेनाने मोठी काढा आणि कोणाखाली किती बारीक चौकोन काळे झाले ते मोजा. सर्वांत जास्त काळे करणारं अक्षर मांजराच्या बाहुलीत बसवा.