कोल्हापूरचा जुना बोलपट आणि घरातला नवा पडदा

कोल्हापूरच्या खरी कॉर्नरपाशी एक कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला, आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. तिचा १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा आज पाहायला मिळणाऱ्या भारतीय बोलपटांतील सर्वांत जुना मानला जातो.

त्या काळचा एखादा बोलपट तुम्ही घरी टीव्हीवर पाहिला असेल. चेहरे पुसट, चित्र थरथरते, आणि पाऊस पडत असावा तशा उभ्या रेघा! "तेव्हाचे कॅमेरेच तसे," असे कोणीतरी म्हणालेही असेल. पण हा समज चुकीचा आहे. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रतीचा असतो.

थोडे गणित करू. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्राची चौकट सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच असते. म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी. आजच्या हाय-डेफिनिशन पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. जुने चित्र चौकोनी वळणाचे असल्याने त्याला आडवे सुमारे १४४० ठिपके मिळतात व दोन्ही कडांना काळे पट्टे राहतात. (पडदा भरावा म्हणून चित्र ताणून मोठे केले तर त्याची एक चतुर्थांश उंची कापली जाते. काळे पट्टे परवडले!) आता २२ ला १४४० ने भागा. एका ठिपक्याच्या वाट्याला फिल्मचा मिलिमीटरचा सुमारे पासष्टावा भाग येतो. चांगल्या निगेटिव्हवरील चांदीचे कण इतका बारकावा सहज धरून ठेवतात. जुन्या व्हिडिओ कॅसेटमध्ये मात्र तो मावतच नसे.

हे झाले मूळ निगेटिव्हचे. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरे कशी फुगतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. फिल्मचेही तसेच होते. म्हणून रूपांतराच्या कामात पहिला प्रश्न यंत्राचा नसतो. मूळच्या जास्तीत जास्त जवळची प्रत कोठे आहे, हा असतो.

आणि इथेच दुःखाची गोष्ट आहे. त्या वेळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या दारूसाठी वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनचा जवळचा नातलग. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने एकदा पेटला की पाण्यानेही विझत नाही. न पेटता नुसता पडून राहिला, तरी त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, हवेतील ओलाव्याशी मिळून आम्ल तयार होते, आणि ते आम्ल उरलेली फिल्म खाऊ लागते. प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. तेथील तिच्या जुन्या आवारात नायट्रेट फिल्मचे कोठार होते. जानेवारी २००३ मध्ये त्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्हही जळाल्या. अनेक चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या, म्हणून चित्रपट उरले. पण उरले ते पुढच्या पिढीच्या प्रतींत.

आता त्या प्रतींवरचे ओरखडे कसे घालवायचे? एक प्रयोग करा. न्हाणीघराच्या दाराला असते तशा धुरकट काचेच्या खरखरीत बाजूवर पाण्याचे बोट फिरवा. तेवढ्या जागेतून पलीकडचे स्वच्छ दिसेल. काचेवरच्या खाचा प्रकाश वाकडातिकडा विखुरतात. पाण्याने त्या भरल्या की प्रकाश बराचसा सरळ जातो. स्कॅन करताना फिल्मही अशीच एका द्रवात भिजवतात. त्या द्रवाचा अपवर्तनांक फिल्मच्या पारदर्शक पट्टीच्या अपवर्तनांकाच्या जवळचा असतो, त्यामुळे पट्टीवरचे ओरखडे दिसेनासे होतात. चित्राचा थरच खरवडला गेला असेल, तर मात्र द्रवाचा काही उपयोग नाही.

पुढचे काम संगणकाचे. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दीड तासाच्या बोलपटात १,२९,६०० चौकटी होतात! धुळीचा कण एकाच चौकटीत असतो, मागच्या-पुढच्या चौकटीत नसतो. संगणक तिन्ही ताडून पाहतो आणि जे एकदाच दिसले ते पुसून टाकतो. उभी रेघ अनेक चौकटींत टिकते, म्हणून ती अधिक त्रास देते.

पण ही युक्ती आंधळी आहे. कार्टूनपटात पात्राने हात झटकन हलवला, तर त्याची बारीक काळी रेघ त्या जागी एकाच चौकटीत दिसते. संगणक तिला कचरा समजतो आणि हाताची कडाच नाहीशी होते! फिल्मचे कण फार घासून काढले, तर माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत होतात. माझ्या मते थोडी धूळ राहिलेली बरी. शेवटी माणसालाच चौकटीमागून चौकट नजरेखालून घालावी लागते.

कोल्हापुरातल्या एखाद्या माळ्यावरच्या पेटीत अजूनही जुनी रिळे पडलेली असू शकतील. तुम्हाला असे रीळ सापडले, तर ते उलगडू नका आणि दिवा, काडी जवळ नेऊ नका. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते बहुधा नंतरच्या काळातले अ‍ॅसिटेटचे रीळ असून ते कुजू लागले आहे, असे समजा. ते थंड, कोरड्या जागी ठेवा आणि शिक्षकांच्या मदतीने पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहा. डब्यावर काही लिहिलेले असेल, तर ते जसेच्या तसे उतरवून पत्रासोबत पाठवा.