मध्यरात्रीचं सोनेगाव

नागपूर गाढ झोपलेलं असे तेव्हा सोनेगावची धावपट्टी जागी असे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्रीनंतर एकेक करून इथे उतरत. टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात जात. प्रवासी पाय मोकळे करत, विमान बदलत, आणि उजाडायच्या आत चारही विमानं आली तिकडे परत निघत.

रात्रीची ही हवाई टपालसेवा ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानाने पाठवायची योजना अमलात आली; तिचा कणा म्हणजे नागपूरची ही गाठभेट.

नागपूरच का, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. चार शहरं एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक मुक्काम धरला की चारांत भागतं. मुंबई इथून हवाईमार्गाने सुमारे सातशे किलोमीटर, बाकीची तिन्ही शहरं आठशे ते हजारांच्या दरम्यान. डाकोटाला एवढं अंतर कापायला तीन-साडेतीन तास पुरत. म्हणजे अर्ध्या रात्रीत येणं, अर्ध्या रात्रीत जाणं. झिरो माइलच्या खांबाचा अभिमान नागपूरकर बाळगतात, पण शहराच्या मध्यवर्तीपणाचा इतका चोख उपयोग दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

ही सेवा सोपी नव्हती. १२ डिसेंबर १९५३ रोजी उड्डाण करताच एक डाकोटा कोसळलं आणि विमानातले १३ जण गेले. तरीही थैल्यांचा प्रवास थांबला नाही. पुढे मोठी, वेगवान विमानं आली, महानगरं थेट जोडली गेली आणि १९७०च्या दशकात ही सेवा संपली.

विमानतळ त्याहून जुना. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं हे मैदान दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांचा टप्पा झालं. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपुरात आले. तीनच दिवसांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षेचा सोहळा झाला. २००५ मध्ये विमानतळाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, आणि नवं टर्मिनल २००८ मध्ये १४ एप्रिललाच खुलं झालं.

मध्यवर्तीपणाचा जुना हिशेब दरम्यान नव्याने मांडला जात होता. मिहान, म्हणजे बहुविध वाहतुकीचं आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र, उभारण्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या. मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी शिवणगावकरांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. विमानतळाच्या वाढीची गोष्ट सांगताना हे वगळणं अन्यायाचं होईल.

हाती काय आलं? एअर इंडियाने ६८ बोईंग विमानं मागवली, त्या व्यवहाराच्या अटीतून इथे देखभाल-दुरुस्तीचं केंद्र उभं राहिलं. २०१५ पासून मोठी विमानं तपासणीसाठी नागपुरात येऊ लागली. प्रवासी वर्षाला २८ लाखांच्या आसपास पोचले. मालवाहतुकीचं मूळ स्वप्न मात्र बरंच मागे आहे.

तरीही आकाशातल्या माणसांना नागपूर ठाऊक असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बांगलादेशी विमानाच्या कप्तानाला रायपूरजवळ हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपुरात सुखरूप उतरवलं. सव्वाशेच्या आसपास प्रवासी वाचले. कप्तान मात्र इथल्या रुग्णालयात काही दिवसांनी दगावले. मध्यावर असणं म्हणजे काय, हे त्या दिवशी पुन्हा दिसलं.

विमानतळाच्या खासगीकरणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सुटला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे ७००० कोटींच्या विस्ताराची पायाभरणी झाली. चार हजार मीटर लांबीची आखलेली दुसरी धावपट्टी मात्र अजून व्हायची आहे.