खिशाला हात न लावता: नागपूरच्या गाण्याचं वर्ष

चांगलं गाणं ऐकायचं तर पुणे-मुंबई गाठा, असं कुणी म्हणालं तर नागपूरकर हसतो. इथे वर्षभर कुठे ना कुठे सूर लागलेला असतो आणि बरेचदा तिकीटही लागत नाही. सरत्या वर्षातल्या आमच्या पसंतीच्या या मैफली, गमतीजमतींसह.

सहा दिवस, तीन गळे
30 जुलै म्हणजे वसंतराव देशपांडे यांचा स्मृतिदिन, 31 जुलै मोहम्मद रफींचा स्मृतिदिन आणि 4 ऑगस्ट किशोरकुमारचा जन्मदिवस. या आठवड्यात बाहेर पाऊस आणि आत गाणी! सिव्हिल लाइन्समधल्या वसंतरावांच्याच नावाच्या सभागृहात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा स्मृती संगीत समारोह रंगतो. तिकडे आठ रस्ता चौकातल्या सायंटिफिक सभागृहासारख्या ठिकाणी हौशी कराओकेवाल्यांची पर्वणी असते. बँकेतून निवृत्त झालेले काका जाकीट चढवून किशोरदांचं यॉडलिंग करतात आणि पहिल्या रांगेतल्या काकू मोबाइलवर शूटिंग.

कृष्ण, कारकून, खाँसाहेब
वसंतरावांचा जन्म 1920 मध्ये मूर्तिजापूरचा, पण गळा घडला नागपुरात, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. लहानपणीच भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात ते कृष्ण झाले. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली. 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातल्या भूमिकेने मात्र त्यांना कायमचं खाँसाहेब करून टाकलं.

पितृपक्षातही वाजतंगाजतं
पितृपक्षात शुभकार्य नको म्हणतात. नागपुरात त्याच पंधरवड्यात गणपती बसतो! भोसलेकालीन परंपरेच्या या बाप्पाला मस्कऱ्या किंवा हडपक्या गणपती म्हणतात. नावाप्रमाणे मामला थट्टेचा: नकला, लावण्या आणि विदर्भाची खास खडी गंमत.

गझलकाराची वंदना
धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या स्टॉलइतकीच भीमगीतांचीही रेलचेल असते. चार पावलांवर एक कॅसिओ, एक ढोलक आणि एक खणखणीत आवाज. विहाराविहारांत म्हटली जाणारी भीमवंदना लिहिली ती गझलसम्राट सुरेश भटांनी. मराठी अभिमानगीतही त्यांचंच; कौशल इनामदारांनी ते 2010 मध्ये शेकडो गायकांकडून गाऊन घेतलं. भट जन्मले अमरावतीत, गेले नागपुरात. रेशीमबागेतल्या त्यांच्या नावाच्या भव्य सभागृहाचं उद्घाटन 22 सप्टेंबर 2017 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं.

आधी भूपाळी, मग तर्री
दिवाळी पहाटेला अभ्यंगस्नान करून, नवा कुर्ता घालून लोक खुर्ची धरतात. भूपाळीने सुरू झालेली मैफल भैरवीवर संपते आणि गर्दी तडक तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उतरते. वन्स मोअर इथेही मिळतो, तर्रीला!

मफलर आणि पास
हिवाळ्यात नितीन गडकरींचा खासदार सांस्कृतिक महोत्सव भरतो. 2017 पासूनचा हा रिवाज. ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर बॉलिवूडचे गायक येतात आणि गावभर एकच प्रश्न फिरतो, ‘पास भेटला का भाऊ?’ जुन्या जाणत्यांचा सल्ला असा: स्वेटर घाला, कानटोपी विसरू नका आणि गाडी दोन चौक आधीच लावा.

सरकणारी मैफल
ताजाबादला ताजुद्दीन बाबांच्या उर्सात कव्वालीची रात्र चुकवू नये. उर्स हिजरी पंचांगाने येतो, म्हणून दर वर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. मागच्या वर्षीची तारीख धरून गेलात तर चादर विकणाऱ्यांचीही गाठ पडायची नाही. बाबांना एके काळी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. पुढे राजे रघुजी भोसल्यांनी त्यांना सक्करदऱ्याच्या राजवाड्यात सन्मानाने नेलं.

वीतभर वाद्य, विद्यापीठभर नाव
खंजिरी म्हणजे लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं आणि कडेला किणकिणणाऱ्या चकत्या. माइकची गरज नाही, साउंड चेकचा ताप नाही. एवढ्या भांडवलावर तुकडोजी महाराजांनी गावंच्या गावं जागी केली आणि 1955 मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी ते थेट जपानला पोहोचले. 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. म्हणजे इथला वकील घ्या नाहीतर इंजिनिअर. हजारोंच्या पदवीवर एका भजन गाणाऱ्याचं नाव छापलेलं आहे. या पदवीधरांनी निदान टाळ्या तरी तालात वाजवाव्यात!