पाच मिनिटांचं आयुष्य: ‘पॅसेज’ आणि समीक्षेची अडचण

मागच्या व्याख्यानात आपण रसचर्चा करत होतो. शेवटी एका तरुण श्रोत्यानं विचारलं, “सर, हे सगळं नाटकाचं आणि काव्याचं झालं. व्हिडिओ गेममध्ये रस असतो का?” सभागृहात थोडं हसू झालं, मीही हसलो. मग घरी गेल्यावर वाटलं, की हसून प्रश्न टाळणं हे काही तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं काम नव्हे. म्हणून आजचा विषय एक व्हिडिओ गेम. माझं वय चौऱ्याहत्तर आहे, त्यामुळे बोटं फार चालत नाहीत. सुदैवानं या गेमला ती फार चालवावी लागत नाहीत.

गेमचं नाव ‘पॅसेज’. जेसन रोहरर नावाच्या अमेरिकन माणसानं तो २००७ साली केला. प्रोग्राम त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. माँट्रियलमध्ये कोकोरोमी नावाच्या गटानं ‘गॅमा २५६’ हा एक उपक्रम ठेवला होता. त्याची अट अशी, की गेमचं चित्र २५६ गुणिले २५६ ठिपक्यांपेक्षा मोठं नको. रोहररनं त्याहून कितीतरी लहान चौकट घेतली: १०० ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच. म्हणजे सगळे मिळून १६०० ठिपके. तुमच्या मोबाइलवरच्या एका साध्या फोटोत लाखो असतात. ही चिंचोळी पट्टी पडद्यावर मोठी करून दाखवली जाते, इतकंच.

आता यात घडतं काय ते सांगतो. पट्टीच्या डाव्या टोकाला एक तरुण उभा असतो. बाणांच्या कळांनी त्याला चालवायचं. सूचना नाहीत, संवाद नाहीत, शत्रू नाहीत. थोडं पुढे एक तरुणी उभी असते. तिला स्पर्श झाला की दोघं जोडीदार होतात आणि पुढे बरोबर चालतात. नको असेल तर तिला टाळूनही जाता येतं. उजवीकडे बदलत जाणारा मुलूख आहे. खाली गेलं की अडथळ्यांचा चक्रव्यूह, आणि त्यात खजिन्याच्या पेट्या. बऱ्याच पेट्या रिकाम्या निघतात. कुठली भरलेली आहे हे पेटीवरच्या रत्नांच्या क्रमावरून ओळखायला शिकता येतं, पण शिकायला वेळ लागतो, आणि वेळच तर कमी आहे! कोपऱ्यात गुण मोजले जात असतात. पेटी उघडली की गुण. नुसतं पुढे चालण्याचेही गुण, आणि ते जोडीनं चाललं तर जास्त. मात्र दोघं असली की अरुंद फटीतून जाता येत नाही, आणि काही पेट्या तर अशाच फटींच्या पलीकडे असतात.

बरोबर पाच मिनिटांत हे आयुष्य संपतं. तुम्ही धावा, थांबा, चक्रव्यूहात अडकून राहा, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. केस पांढरे होतात, पाठ वाकते. जोडीदार असेल तर आधी ती जाते. तिच्या जागी थडग्याचा एक छोटा दगड उरतो आणि त्यानंतर तुमची चाल मंदावते. मग तुम्हीही जाता. दुसरा दगड. कोपऱ्यातला गुणांचा आकडा तसाच लटकत असतो.

माझ्या मते यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच आहे. तरुण माणूस पट्टीच्या डाव्या टोकाला असतो, त्यामुळे त्याच्यापुढे सगळी पट्टी मोकळी. लांबचं अंधुक आणि दाबलेलं दिसतं, पण दिसतं. मागे मात्र काहीच नाही. वय वाढतं तसा तो पट्टीवर हळूहळू उजवीकडे सरकतो. मधल्या वयात थोडं पुढचं, थोडं मागचं. म्हातारपणी तो उजव्या कडेला टेकलेला असतो, पुढे बघायला जागाच नाही आणि मागे सगळी पट्टी भूतकाळाची. हे कुणी शब्दांत सांगत नाही. खेळताना आपलं आपल्याला कळतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

गेमबरोबर रोहररनं एक छोटं निवेदन लिहिलं होतं. तो तेव्हा तिशीत प्रवेश करत होता, आणि त्याच्या शेजारातला एक जवळचा मित्र नुकताच वारला होता. मरणाचं स्मरण करून देणारा खेळ करावा, असा त्याचा हेतू होता. युरोपच्या चित्रकलेत कवटी, विझती मेणबत्ती, वाळूचं घड्याळ यांची जुनी परंपरा आहे, त्या कुळातला हा खेळ.

आता स्वागताकडे येऊ. इतका चिमुकला गेम, तोही फुकट, पण त्याच्यावर बरंच लिहिलं गेलं. खेळणाऱ्या कितीतरी जणांनी लिहिलं, की शेवटी डोळ्यांत पाणी आलं. २००८ साली ‘एस्क्वायर’सारख्या मोठ्या मासिकानं रोहररवर दीर्घ लेख छापला. २०१२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं पहिल्यांदा चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यात ‘पॅक-मॅन’ होता, ‘टेट्रिस’ होता, आणि हा ‘पॅसेज’ही होता. लक्षात घ्या, ते आले वास्तुकला आणि डिझाइन विभागात, चित्रांच्या विभागात नव्हे. तरीही लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये कलासमीक्षक जोनाथन जोन्स यांनी लगेच हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कला म्हणजे एका व्यक्तीचा जीवनाला दिलेला प्रतिसाद, गेममध्ये खेळणारे आणि यंत्र मिळून अनुभव घडवतात, मग कलावंत कोण? त्याआधी २०१० साली सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तर गेम ही कला होऊच शकत नाही असं लिहून मोठं वादळ उठवलं होतं. त्यांच्या मुद्द्यांपैकी एक असा, की गेममध्ये जिंकायचं असतं, कलाकृतीत जिंकायचं काय?

या दोन्ही हरकतींसमोर ‘पॅसेज’ ठेवून बघा. इथे जिंकणं नाही. गुण आहेत, पण ते थडग्यावर लटकण्यासाठीच आहेत. आणि कर्ता एकच, त्यानं स्वतःच्या तिशीला आणि मित्राच्या मरणाला दिलेला हा प्रतिसाद आहे. म्हणजे दोन्ही समीक्षकांच्या व्याख्या घेतल्या तरी हा एक गेम त्यांच्या हातातून निसटतो. अर्थात यातून सगळे गेम कला ठरत नाहीत. ‘सगळ्याच’बद्दल बोलणं चुकीचं होतं, एवढंच ठरतं. मॉरिस वाइट्झनं १९५६ मध्ये हेच सांगितलं होतं, की ‘कला’ ही खुली संकल्पना आहे, तिला कायमचं कुंपण घालता येत नाही. आणि गंमत बघा, वाइट्झ ज्याच्या खांद्यावर उभा आहे त्या विट्गेन्स्टाइननं अशा संकल्पनांचं उदाहरण म्हणून कुठला शब्द घेतला होता? ‘खेळ’!

तेव्हा ‘कला आहे की नाही’ या वादात मी फार रमणार नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा वाद, गेमच्या अभ्यासकांचा आपापसातला. इयन बोगोस्ट यांनी २००९ मध्ये ‘पॅसेज’सारख्या काही गेमना एका शैलीत बसवलं. त्यांचं सूत्र असं: या गेममध्ये अर्थ चित्रात किंवा कथेत नसतो, तो नियमांत असतो. ‘दोघं असली की फटीतून जाता येत नाही’ हा नुसता नियम आहे, पण तेच विधानही आहे. सहजीवनात काही दारं बंद होतात, हे इथे कुणी बोलून दाखवत नाही, ते भिंतीला धडकून समजतं. यावर मिगेल सिकार्ट यांनी २०११ मध्ये उलट बाजू मांडली. एकूणच या विचारसरणीवर त्यांचा आक्षेप असा, की अर्थ जर नियमांतच भरून ठेवला असेल, तर खेळणारा नुसता निरोप वाचणारा उरतो. खेळणाऱ्यानं काय केलं, कसं केलं, त्याचं आयुष्य काय होतं, याला किंमत नाही का?

कोण बरोबर? याचं उत्तर शोधताना मला माझंच उदाहरण घ्यावं लागतं, क्षमा करा.

हा गेम मला माझ्या नातीनं दाखवला, ती इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या खेळात मी सरळ पेट्यांच्या मागे लागलो. ती तरुणी मला दिसलीच नाही, म्हणजे दिसली, पण एखादं झाड असावं तशी. नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही आजीला मागेच सोडलंत.” माझी पत्नी जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी पुन्हा खेळायला बसलो. या वेळी तिला बरोबर घेतलं, पेट्यांकडे बघितलं नाही, सरळ चालत राहिलो. मग ती गेली, दगड आला. मी कळांवरून हात काढला आणि उरलेला वेळ त्या ठिपक्यांच्या माणसाला तिथंच, त्या दगडापाशी उभं ठेवलं. पुढे चाललो असतो तर आणखी गुण मिळाले असते. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता प्रश्न असा, की ते रडू कुणाचं होतं? गेमचं की माझं? अभिनवगुप्तानं रसाच्या वाटेत येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे आपल्या स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणं. नाटक बघताना मला माझंच घर आठवून रडू येत असेल, तर तो करुण रस नव्हे, तो माझा शोक आहे. रसासाठी भावनेचं साधारणीकरण व्हावं लागतं. ती ‘माझी’ही नको, ‘त्याची’ही नको, माणसाची व्हायला हवी. या कसोटीवर माझे अश्रू साक्षीदार म्हणून बाद होतात. आणि मला वाटतं, ‘पॅसेज’वर लिहिणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे. ‘मी रडलो’ हे स्वागत झालं, त्याला अजून समीक्षा म्हणता येत नाही.

मग मी नातीला विचारलं, तुला काय वाटलं? तिला अजून जोडीदार नाही, मरण तिनं एकच पाहिलंय. ती म्हणाली, “मला त्या पट्टीचं वाईट वाटलं. पुढचं कमी कमी दिसत जातं, आणि ते कमी होताना मी पेट्या मोजत होते.” ही साक्ष मला महत्त्वाची वाटते. तिचं दुःख माझं नव्हतं, तरी आम्ही दोघंही एकाच गोष्टीपाशी पोचलो, आणि तिथे पोचवलं ते त्या पट्टीच्या रचनेनं. म्हणजे बोगोस्ट म्हणतात तशी रचना बोलते. पण मी हात काढून उभा राहिलो, ते कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. तेवढी जागा रचनेनं मोकळी ठेवली होती, आणि ती मी भरली. तिथे सिकार्ट बरोबर आहेत. चांगल्या कलाकृतीत ही दोन्ही कामं होतात, असं मी म्हणेन.

दोष नाहीत असं मात्र समजू नका. काही जणांना हा गेम फार सोपं रूपक वाटतं: आयुष्य म्हणजे वाट, पेट्या म्हणजे महत्त्वाकांक्षा, एकदा उलगडलं की संपलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा खेळताना मलाही तो सपाट वाटला. त्याहून गंभीर गोष्ट त्या स्त्रीची. खेळणारा नेहमी पुरुषच. ती वाटेत उभी असते, शिवली की चालू लागते, तो वळेल तिकडे वळते. ती जाते तीसुद्धा त्याची चाल मंदावण्यासाठी. माझी पत्नी तीस वर्षं शाळेत शिकवत होती. ती हे बघायला असती तर पहिलं वाक्य बोलली असती, “अहो, पण त्या बाईला कुणी विचारलं का, तिला कुठे जायचंय?” याचं उत्तर या गेमकडे नाही. १६०० ठिपके कमी पडले असं म्हणून सुटका होत नाही, कारण दोन माणसांचं थडगं दाखवायला ते पुरले होते.

आणि तरीही मी म्हणतो, खेळून बघा. ज्या कृतीतली उणीव मला माझ्या पत्नीच्या आवाजात ऐकू आली, ती कृती मला किरकोळ म्हणवत नाही.

तेव्हा त्या तरुण मित्राच्या प्रश्नाचं उत्तर: असू शकतो, पण विघ्नांसकट. नाटकाचा प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो, इथे तो स्वतःच रंगमंचावर असतो, त्यामुळे ‘मी’ला बाजूला ठेवणं जास्त अवघड. ते कसं साधतं, याचा विचार भरतानं करण्याचं कारण नव्हतं. आपल्याला तो करावा लागेल.

पुढच्या वेळी येताना पाच मिनिटं काढून खेळून या. गुण किती झाले ते मी विचारणार नाही. वाटेत कुठे थांबलात, ते सांगा.